यंदा छाटणी का लांबली



बाग आज ५२ दिवसांची झाली. मणी सहा एमएमच्या पुढं गेलाय, विरळणीला बायका लागल्यात, खालच्या पानांवर डाउनीचे दोन-चार डाग होते ते पसरले नाहीत. भुरीवर लक्ष ठेवून आहे. एवढं लिहून नेहमीसारखा थांबलो असतो, पण गेला दीड महिना एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. “भाऊ, सगळ्यांच्या बागांत घड दिसायला लागले तरी तुमची काडी तशीच कशी?” काहींनी अंदाजही बांधले. कुणी म्हणलं पावसाला घाबरला, कुणी म्हणलं बेदाणाच करायचाय मग घाई कशाला. एकानं तर बाग काढायची ठरवली का म्हणून विचारलं.

तसं काही नाही. ऑक्टोबरात आम्ही दोघं मुंबईत होतो. बायकोच्या मानेचं ऑपरेशन झालं. पॅराथायरॉइडचं. आता ती बरी आहे म्हणून लिहायला बसलोय, आणि तिला विचारून लिहितोय. म्हणाली, “लिवा की. पर माझं वजन लिवू नका.”

सहा वर्षांपूर्वी हिला पहिला मुतखडा झाला. आमच्या भागात मुतखडा ही काही बातमी नाही, उन्हाळ्यात घरटी एक निघतो. पाणी प्या, कुळथाचं कढण प्या, झालं. दोन वर्षांनी दुसरा झाला, तो यंत्रानं फोडून घेतला. मधल्या काळात टाचा दुखायला लागल्या, मग मांड्या, मग कंबर. हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, त्या हिनं दीड वर्ष इमानदारीनं खाल्ल्या. गोठ्यात पाय घसरला तर मनगट मोडलं. पडणं एवढुसं, आणि मोडणं एवढं मोठं. रात्री चार-चारदा लघवीला उठायची. पोट साफ होत नाही ही रोजची तक्रार. सकाळी दहाला बांधावर बसली की उठवत नव्हतं, आणि ही तीच बाई आहे जिनं लग्नानंतर तीस वर्षं माझ्या आधी बाग गाठली. दुधाचा हिशेब तोंडपाठ असायचा, तो चुकायला लागला. चिडायला लागली, मधूनच रडायला लागली.

सगळे म्हणायचे पाळी जायचं वय आहे, होतं असं. मीपण तेच म्हणत होतो. खोटं कशाला सांगू, “तुझं रोजचंच रडगाणं आहे,” असंही एकदा म्हणलो होतो. ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

तिसरा मुतखडा झाला तेव्हा तालुक्याला एक नवीन पोरगेलासा डॉक्टर आला होता. त्यानं जुन्या तिन्ही फायली मागून घेतल्या, टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि विचारलं, “यांच्या रक्तातलं कॅल्शियम कुणी बघितलंय का?” सहा वर्षांत खडे मोजले, खड्यांची साइज मोजली, हाडांचे फोटो काढले, पण रक्तातलं कॅल्शियम एकदाही बघितलेलं नव्हतं. ज्यांना खडा परत परत होतो त्यांनी हे एवढं नक्की करून घ्या. बागेच्या एका फवारणीला जेवढा खर्च येतो त्यात ही तपासणी कितीतरी वेळा होईल.

कॅल्शियम ११.८ आलं. साधारण साडेआठ ते साडेदहा असायला पाहिजे. मला आधी बरंच वाटलं. म्हणलं चला, गोळ्या लागू पडल्या, हाडं भरली. डॉक्टर हसला नाही. म्हणाला, “काका, कालव्याला पाणी जास्त दिसलं म्हणजे धरण भरलंय असं नाही. दरवाजा उघडा राहिलाय.” हाडांतलं कॅल्शियम रक्तात येत होतं, रक्तातलं लघवीतून जाताना मूत्रपिंडात खडे करत होतं. आणि वरनं आम्ही गोळ्या देत होतो. गोळ्या त्यानं त्याच दिवशी बंद केल्या.

दरवाजा उघडणारी गोष्ट म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथी. मानेत थायरॉइडच्या मागच्या बाजूला चार असतात, एकेक तांदळाच्या दाण्याएवढी. शेजारी राहतात म्हणून नाव सारखं, बाकी थायरॉइडशी त्यांचा काही संबंध नाही. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की या पीटीएच नावाचं हार्मोन सोडतात, वाढलं की गप्प बसतात. चारातली एखादी बिघडली तर ती कॅल्शियम वाढलेलं असूनही हार्मोन सोडतच राहते. हिचं पीटीएच २८४ होतं, ६५ च्या आत पाहिजे. कॅल्शियम पण वर आणि पीटीएच पण वर, म्हणजे निदान झालं.

(एक गंमत भाच्यानं शोधून काढली. तो फार्मसीला आहे, त्याला असलं वाचायचा नाद. या ग्रंथी पहिल्यांदा दिसल्या त्या माणसात नाही, गेंड्यात. तोही आपल्या भारतातला गेंडा. १८४९ साली तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेला आणि रिचर्ड ओवेननं त्याला फाडून बघितलं तेव्हा त्याच्या मानेत त्या सापडल्या. माणसातल्या १८८० साली स्वीडनमधल्या सँडस्ट्रोम नावाच्या विद्यार्थ्यानं मांडल्या. म्हणजे शरीरातला हा बारका अवयव माणसाला फार उशिरा कळला.)

कोल्हापूरला हार्मोनच्या डॉक्टरांकडं गेलो, लोक शुगर-थायरॉइडसाठी ज्यांच्याकडं जातात ते. त्यांनी सगळं परत तपासलं, हाडांची घनता बघितली, ड जीवनसत्त्व कमी होतं ते बेतानं सुरू केलं, आणि सांगितलं की कॅल्शियम थोडं खाली ठेवायच्या गोळ्या असतात पण रोग मुळातून जायचा तर बिघडलेली ग्रंथी काढावी लागेल. कुठली बिघडलीय ते बघायला पुण्याला स्कॅन केला. हातात किरणोत्सर्गी औषधाचं इंजेक्शन देतात, थोड्या वेळानं फोटो काढतात, दोन तासांनी परत काढतात. थायरॉइडमधून ते औषध लवकर उतरतं, बिघडलेल्या ग्रंथीत रेंगाळतं, आणि तिथं ठिपका दिसतो.

हिच्या फोटोत ठिपका दिसला नाही.

इथून पुढची गोष्ट खरी सांगायची होती.

रिपोर्ट घेऊन शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात सर्जनला भेटलो. दहा मिनिटांत काम झालं. “गळ्याचंच ऑपरेशन आहे, थायरॉइड आम्ही नेहमीच करतो. स्कॅनमध्ये दिसत नाही, पण उघडून बघू. नाहीच सापडली तर एका बाजूचं थायरॉइड काढून टाकू, त्याच्यात असेल तर निघून जाईल. सोमवारी ॲडमिट व्हा.” तारीख सप्टेंबरच्या मध्याची. मी तर खूश. ऑपरेशन होऊन पंधरा दिवसांत ही घरी आणि महिनाअखेर छाटणीला मी मोकळा. सगळं बसत होतं. ॲडव्हान्सचे पैसेही काढून ठेवले.

त्याच संध्याकाळी छाटणीच्या टोळीचा मुकादम उचल न्यायला आला. दरवर्षीसारखं मी त्याला धरून बसलो. गेल्या वर्षी किती एकर केलीस? कुणाकुणाच्या बागा? यंदा पोरं तीच आहेत का नवीन? सुपर सोनाकाला कितव्या डोळ्यावर मारतोस? मागं एकदा नवीन पोरांनी काडी न बघता सगळीकडं सारखीच कात्री चालवली होती आणि पुढं अर्ध्या बागेत गोळी घड निघाले होते, ते मी विसरलो नव्हतो. तासभर खल चालला. मुकादम गेला, आणि ही आतनं ताट घेऊन आली. ताट ठेवताना म्हणाली:

“टोळीला एवढं इचारलं. त्या डाक्टरला इचारलं का, ह्ये किती केल्यात म्हनून?”

मी गप्प. विचारलं नव्हतं. काडीसाठी तासभर आणि हिच्या मानेसाठी दहा मिनिटं, त्यातली पाच पैशाची बोलणी.

रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी परत शहरात गेलो. मंडळी, डॉक्टरला ‘तुम्ही ही ऑपरेशनं वर्षाला किती करता’ हे विचारणं किती अवघड असतं ते तिथं कळलं. बाजार समितीत व्यापाऱ्याशी भांडणारा माणूस मी, केबिनमध्ये शब्द फुटेना. हात आपोआप जोडले जातात. शेवटी एकदाचं विचारलं. साहेबांचा चेहरा बदलला. म्हणाले, “तुमचा विश्वास नसेल तर दुसरीकडं दाखवा.” मी म्हणलं, तसं नाही साहेब, फक्त आकडा विचारतोय. “केल्यात दोन-चार.” किती वर्षांत, ते सांगितलं नाही. मीपण पुढं विचारलं नाही.

त्यांना वाईट म्हणत नाही. थायरॉइडला त्यांचा हात चांगला आहे, आमच्याच गावातल्या दोघींची ऑपरेशनं त्यांनी केलीत आणि दोघी ठणठणीत आहेत. पण थायरॉइड ही समोर दिसणारी गोष्ट आहे. ही शोधायची गोष्ट आहे. ट्रॅक्टर उत्तम चालवणारा पाणाड्या असतोच असं नाही.

तिथनं सरळ आमच्या जुन्या सर्जनसाहेबांच्या घरी गेलो. वय पंच्याहत्तरच्या पुढं, वडलांचं हर्नियाचं ऑपरेशन यांनीच केलेलं. आता सल्ल्यापुरते बसतात. मला वाटलं ते म्हणतील आण, माझ्या मुलाकडं करून टाकू. रिपोर्ट बघून ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “चाळीस वर्षांत मी अशा सहा केल्या असतील. त्यातल्या दोन मला सापडल्याच नाहीत. माणसं मान कापून घेऊन तशीच घरी गेली.”

एवढ्या मोठ्या माणसानं स्वतःच्या तोंडानं हे सांगावं. मी चहा तसाच हातात धरून बसलो.

त्यांनी मग समजावून सांगितलं. बाळ पोटात वाढत असताना या ग्रंथी वरनं खाली सरकत येतात. काही वाटेतच थांबतात, काही फार खाली जातात, छातीत. कधी अन्ननलिकेच्या मागं असतात, कधी थायरॉइडच्या आत. रंग पिवळसर तपकिरी, आजूबाजूची चरबीपण जवळपास तसलीच. ज्यानं पन्नास-शंभर वेळा बघितलीय त्याचा डोळा तिच्यावर थांबतो, बाकीच्यांना ती चरबीच वाटते.

आणि त्यांनी त्या कप्तानाची गोष्ट सांगितली. चार्ल्स मार्टेल नावाचा अमेरिकेतल्या व्यापारी जहाजांवरचा कप्तान. याच रोगानं त्याची हाडं इतकी झिजली की उंची कित्येक इंचांनी कमी झाली. १९२६ पासून त्याची एकामागनं एक ऑपरेशनं झाली. एकदा नाही, दोनदा नाही, सहा वेळा. ग्रंथी सापडली नाही. १९३२ साली सातव्या वेळी बॉस्टनमध्ये छाती उघडली तेव्हा ती तिथं होती. पण तोवर मूत्रपिंडं गेली होती, आणि काही आठवड्यांतच मुतखड्याच्या दुखण्यात तो वारला. “ते सर्जन काही कच्चे नव्हते,” साहेब म्हणाले. “त्या वेळी ती कुठं कुठं असू शकते हेच कुणाला नीट माहीत नव्हतं. आज पुस्तकात सगळं आहे. पण पुस्तकातलं हातात यायला केसेस लागतात.”

मला आमची बोअर आठवली. पाणाड्यानं नारळ फिरवून तीन जागा दाखवल्या, तिन्ही कोरड्या, सहाशे फुटांपर्यंत नुसता धुरळा. चौथी पूर्वेच्या कोपऱ्याला मारली तिला पाणी लागलं. तीन बोअरचे पैसे गेले, बागेनं सोसलं. पण मानेत बोअर मारून बघता येत नाही. साहेबांनी तेच सांगितलं: पहिलं ऑपरेशन हीच सगळ्यात चांगली संधी. एकदा उघडून बंद केलेल्या मानेत आतलं सगळं एकमेकांना चिकटून जातं, दुसऱ्या वेळी शोधणं अवघड आणि आवाजाच्या नसेला धोका जास्त.

स्कॅनमध्ये दिसत नाही त्याचं काय, म्हणून विचारलं. तर म्हणाले, रोग आहे की नाही ते रक्तानं सांगितलंय. स्कॅन हा फक्त नकाशा. नकाशा कोरा आला म्हणून गाव नाही असं होत नाही. जॉन डॉपमन नावाचे अमेरिकेतले नावाजलेले रेडिओलॉजिस्ट होते, म्हणजे स्वतः स्कॅनवाले. त्यांचं म्हणणं असं की या रोगात पहिल्या ऑपरेशनआधी शोधायचीच असेल तर एकच गोष्ट शोधा: अनुभवी सर्जन.

निघताना साहेब दारापर्यंत आले. “तुम्हाला नाही म्हणायला माझ्या जिवावर येतंय. पण नाही म्हणतो.” तालुक्यातल्या त्या पोरानं निदान केलं आणि या म्हाताऱ्यानं नाही म्हणलं. या दोघांचं मी जन्मभर देणं लागतो.

आता शोधायचा कसा? पाटी वाचून कळत नाही. ही ऑपरेशनं जनरल सर्जनही करतात, कान-नाक-घसावालेही, कॅन्सरच्या मानेचे सर्जनही. एन्डोक्राइन सर्जरी म्हणजे फक्त हार्मोनच्या ग्रंथींची शस्त्रक्रिया असाही वेगळा विषय आहे, आपल्याकडं ते शिकलेले थोडे. लखनौला एसजीपीजीआयमध्ये आणि वेल्लोरच्या सीएमसीत त्याचे वेगळे विभागच आहेत. वेल्लोरला आपल्याकडची माणसं जातात, आम्हीपण तिकडची गाडी बघून ठेवली होती. भाच्यानं नेटवर शोधलं तर पहिल्यांदा सगळ्या जाहिराती. तारे बघून औषधदुकानातलं टॉनिक घेतल्यासारखं ते. सोडून दिलं.

कोल्हापूरच्या हार्मोनच्या डॉक्टरांकडं परत गेलो. या वेळी तयारीनं गेलो होतो. त्यांना दोनच गोष्टी विचारल्या. तुमच्या घरातलं माणूस असतं तर कुठं पाठवलं असतं? आणि तुम्ही जे पेशंट पाठवलेत त्यांचं ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी कॅल्शियम किती होतं? दुसरा प्रश्न जुन्या साहेबांनी पढवून पाठवला होता. टाके सुकले म्हणजे बरं झालं असं या रोगात नसतं, सहा महिन्यांनी कॅल्शियम जागेवर असेल तर बरं झालं म्हणतात. सर्जनचा खरा हिशेब सर्जनकडं नसतो, पेशंट परत ज्याच्याकडं जातो त्याच्याकडं असतो.

डॉक्टर जरा हसले आणि म्हणाले दोन दिवस द्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मुंबईतल्या एका सर्जनबाईंचं नाव दिलं, आणि पेशंटना विचारून दोन नंबरही दिले. एक पंढरपूरकडच्या मास्तरीणबाई. त्या आणि ही फोनवर पाऊण तास बोलल्या, मी शेजारी बसून नुसतं “व्हय”, “अगदी तस्संच”, “मलापन” एवढं ऐकत होतो. फोन ठेवला आणि ही रडली. सहा वर्षांत पहिल्यांदा तिला कुणीतरी म्हणालं होतं की हे सगळं खरंच होतं, तुमच्या मनाचं नाही.

मुंबईची तारीख मिळाली ९ ऑक्टोबर.

आता बघा. छाटणीची वेळ ती, टोळी ठरलेली, उचल दिलेली. घरात बैठक बसली. धाकटा भाऊ म्हणाला, सहा वर्षं काढली तशी अजून दोन महिने काढू, दिवाळीनंतर जाऊ. त्याचं चूक नव्हतं, त्याच्यापण पोटाचा प्रश्न आहे, बाग सामाईक. पण कॅल्शियम तोवर १२.४ वर गेलं होतं आणि मूत्रपिंडाचा रिपोर्टही सरकायला लागला होता. मी म्हणलं काडी पंधरा दिवस थांबेल. टोळी दुसरीकडं गेली. उचल परत मागितली नाही.

सर्जनबाईंकडं मी प्रश्न कागदावर लिहून नेले होते. कागद काढायच्या आधीच त्यांनी अर्धे सांगून टाकले. आधी घरातल्यांची चौकशी केली. माहेरी कुणाला मुतखडे, कुणाला असल्या गाठी? कधी कधी हे घराण्यात असतं, मग चारही ग्रंथी बिघडलेल्या असू शकतात. मग स्वतः सोनोग्राफीचं यंत्र घेऊन बसल्या आणि मान बघितली. दुसऱ्या एका प्रकारचा सीटी स्कॅन करून घेतला, त्यात उजवीकडं अन्ननलिकेमागं काहीतरी अंधुक आहे म्हणाल्या. “असेल किंवा नसेल. मी चारही बघणार आहे.” एक सापडली की थांबायचं की चारही बघायच्या, यात सर्जन-सर्जनचं वेगवेगळं असतं. स्कॅन असा अंधुक असला की बघितलेल्या बऱ्या, असं त्यांचं मत.

वर्षाला किती करता, ते मी विचारलंच. त्यांना राग आला नाही. “मागच्या महिन्यात पाच केल्या,” म्हणाल्या. “माझ्या हातून शंभरातल्या दोघा-तिघांची पहिल्या वेळी बरी होत नाहीत. तुमच्या त्यात नसतील असं वचन देता येत नाही.” ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार का शिकाऊ डॉक्टर, हेही विचारलं. “मी करणार, शिकणारे बघणार. नाहीतर पुढच्यांना येणार कसं?” ते पटलं. आमच्या टोळीतपण नवीन पोरगं आधी दोन हंगाम काड्याच गोळा करतं.

शेवटी त्यांनी आवाजाचं सांगितलं. आवाजाची नस या ग्रंथींच्या अगदी जवळनं जाते. तिला धक्का लागला तर आवाज घोगरा होतो, बहुतेकांचा परत येतो, क्वचित येत नाही. आधी दुर्बीण घालून स्वरयंत्र बघून घेतलं. हिचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना मला काय वाटलं असेल ते कळेल. घराच्या पायरीवरनं हाक मारली तर बागेच्या पल्याडच्या टोकाला मोटर बंद होते.

ऑपरेशनला अडीच तास लागले. मी आणि भाचा खाली बसलो होतो. मध्ये दोनदा एक पोरगा रक्ताच्या नळ्या घेऊन धावत गेला तसं माझ्या पोटात गोळा आला. नंतर कळलं ते काय होतं. पीटीएच रक्तात काही मिनिटांतच निम्मं होऊन जातं, म्हणून बिघडलेली ग्रंथी काढली की दहा मिनिटांनी रक्त तपासतात. आकडा निम्म्याच्या खाली पडला तर बरोबर ग्रंथी निघाली आणि मान शिवायची, नाही पडला तर अजून शोधायचं. हिचं २९० वरनं ४३ वर आलं. सगळीकडं ही सोय नसते, असली तर बरं, एवढं कळलंय.

ग्रंथी अन्ननलिकेमागंच होती. बाईंनी बाटलीत दाखवली. आम्ही दोघं बघतच राहिलो. रंग, साइज, सुरकुती, अगदी आपल्या तासगावच्या सौद्यातल्या बेदाण्यासारखी. हिरव्या नाही, काळ्या बेदाण्यासारखी. भाचा हळूच म्हणाला, “मामा, एका बेदाण्यासाठी सहा वर्षं.”

शुद्धीवर आल्यावर हिनं पहिल्यांदा काय म्हणलं? “गाईला कोन बघतंय?” आवाज बारीक होता, पण तिचाच होता. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन तोंड धुऊन आलो.

दुसऱ्या रात्री ओठांभोवती मुंग्या आल्या, मग बोटांच्या टोकांना, मग हाताची बोटं आखडली. सिस्टर पळत आली, कॅल्शियम लावलं. उघडा दरवाजा एकदम बंद झाला होता आणि इतकी वर्षं उपाशी राहिलेली हाडं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेत होती. हिच्यासारख्या हाडं झिजलेल्यांना हे होऊ शकतं, असं आधी सांगितलं होतं. पण मी घाबरलो नाही, कारण मी ते बघितलेलं होतं. गोठ्यात. आमची तिसऱ्या वेताची गाय व्यायल्यावर बसली होती, कान गार, मान कुशीकडं वळलेली. एकदम एवढं दूध उतरल्यावर तिच्या ग्रंथींना हाडातलं कॅल्शियम वेळेत काढता येत नाही, म्हणून मिल्क फिवर होतो. तेव्हा डॉक्टरांनी बाटली लावली होती ती थेंब थेंब, एक हात तिच्या छातीवर ठेवून. भरकन सोडलं तर काळीज थांबतं. इथंपण तसंच, हळूहळू, शेजारी यंत्रावर ठोके बघत. मी हिला म्हणलं, काही नाही, आपल्या गाईला झालं होतं तेच आहे, सकाळी उठून वैरण खाशील.

“मी काय गाय हाय व्हय?” म्हणाली. पण हसली.

आठवडाभर मुंबईत राहून परत आलो. कॅल्शियमच्या गोळ्या परत सुरू झाल्या, या वेळी खऱ्या कामाला. खर्च विचाराल तर ट्रस्टचं हॉस्पिटल होतं, राहणं-खाणं धरून मागच्या बेदाण्याच्या पैशात भागलं, कर्ज काढावं लागलं नाही. सरकारी योजनेत बसतं का ते ज्याचं त्यानं आधी विचारून घ्यावं.

टोळी मिळाली ती २० ऑक्टोबरनंतर, आणि तीपण नवीन. छाटणी करताना मी पूर्ण तीन दिवस त्यांच्या मागं मागं फिरलो. मुकादम वैतागला. पेस्ट लावली, डोळे एकसारखे फुटले, घडाची संख्या बरी आहे. लवकरच्या बागांना ऑक्टोबरच्या पावसानं पोंगा स्टेजला गाठलं, त्यातनं आम्ही वाचलो, पण पुढं थंडीत फुगवण किती मिळेल याची धाकधूक आहेच. भाऊ अजून थोडा घुश्शात आहे. माल निघाला की बोलेल.

हिचं कॅल्शियम गेल्या आठवड्यात ९.१ आलं. रात्री एकदाच उठते. दुधाचा हिशेब काल माझाच चुकला आणि तिनं काढला, अडीचशेचा फरक होता. टाचा अजून दुखतात, हाडं भरायला वर्ष-दीड वर्ष जाईल म्हणतात. सहा महिन्यांचा रिपोर्ट एप्रिलमध्ये, खरड छाटणीच्या तोंडावर. तोवर मीपण ‘बरी झाली’ असं मोठ्यानं म्हणत नाही.

उद्या दुसरं डिपिंग आहे, जीएचं प्रमाण किती ठेवलं ते परवाच्या पोस्टमध्ये लिहितो. आता थांबतो, पायरीवरनं हाक आलीय. मोटर चालू राहिलीय म्हणे.